पुडीतल्या बिया

वन्संनी उमेदीची सारी वर्षं रानं तुडवली. त्या झाडं आणायच्या, ती वर्तमानपत्रात दाबून वाळवली जायची, आणि विद्यापीठाच्या हर्बेरियममध्ये मी ती जाड कागदावर दोऱ्याने शिवायचे. शिवताना जे गळून पडेल, पान, बी, कुसळ, ते छोट्या पुडीत घालून झाडाशेजारीच चिकटवायचं. केर म्हणून काही टाकायचं नाही.

आता नणंद-भावजय दोघीच घरात उरलो आहोत आणि वन्संनी अंथरूण धरलं आहे. एका उतारावर त्यांना एक निळं फूल सापडलं होतं. तो उतार पुढे धरणाच्या पाण्याखाली गेला आणि ते फूल पुन्हा कुठे दिसलं नाही. डोळे मिटायच्या आधी ते एकदा उमललेलं बघायचं, एवढीच त्यांची इच्छा. म्हणून हर्बेरियमच्या हल्लीच्या प्रमुख बाई त्या झाडाच्या पुडीतल्या बिया घेऊन घरी आल्या.

"त्या काळी कीड लागू नये म्हणून झाडं विषाच्या पाण्यात बुडवायचे," त्या मला म्हणाल्या. "विष लागलेलं बी रुजत नाही. पुडी भरायची ती त्याच्या आधी की नंतर?"

नंतर. नेहमीच नंतर. बुडवून, सुकवून, शिवून झालं की मग पुडी. पण पलंगावरून वन्सं माझ्याकडे बघत होत्या.

"आता आठवत नाही हो," मी म्हटलं.

बिया कुंडीत पेरल्या. रोज गुडघे धरत खिडकीपर्यंत जाऊन पाणी घालायचं काम माझं. वन्सं काही विचारायच्या नाहीत, मी काही सांगायचे नाही. आताशा बोलायचाही शीण होतो.

एका सकाळी मातीत हिरवं टोक दिसलं. मी कुंडी तशीच उचलून पलंगापाशी नेली. वन्संनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं.

"गवत आहे. मातीतूनच आलेलं."

"वाटलंच मला."

"तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते विष मीच कालवायचे, वहिनी. तुझी आठवण कधीपासून गेली गं?"

"मग पाणी कशाला घालू दिलंत? माझे गुडघे काय फुकटचे आहेत?"

"मला वाटलं, तुलाच आशा आहे."

"मला?"

त्या उशीवर टेकल्या. हसल्या असाव्यात. हल्ली त्यांचं हसणं आणि धाप सारखीच वाटते.

"बाईंना काय सांगू?"

"गवत आलं म्हणून सांग. पण उपटू नकोस. तुरा येऊ दे, मग दाबून ठेवू. आणि कालचा पेपर रद्दीत घालू नकोस."

मी कुंडी परत खिडकीत ठेवली. सकाळचं पाणी घालून झालं होतं, तरी थोडं घातलं.