उजव्या अंगाचा बैल

उत्तरेश्वरने तिफण पुसून भिंतीला टेकवली आणि उगीचच पुन्हा एकदा पुसली. पेरणीला ती ओढणार कोण, कपाळ? दुष्काळात गुरांच्या छावणीतून त्याचा एकच बैल जिवंत परतला होता. वावरात ज्वारीपुरती ओल होती, ती फार तर आठवडाभर टिकणार. तेवढ्यात जोडी जमली नाही तर जमीन गावच्या बड्या जमीनदाराला, सुंदररावांना, बटईने म्हणजे पिकाच्या वाट्यावर द्यायची, असं त्याची आई सारजाबाई म्हणत होती. आणि सुंदररावांकडे बटईला गेलेली जमीन परत आल्याचं पंचक्रोशीत कुणाला आठवत नव्हतं.

संध्याकाळी उत्तरेश्वर शाळेच्या ओसरीवर तरुण शेतकऱ्यांच्या बैठकीला गेला. ती भरवायचे वसईकडचे फादर तुस्कानो. ते आले तेव्हा गाव म्हणालं, हा पोरं बाटवणार. वर्ष झालं तरी कुणी बाटलं नव्हतं, विहिरींचा गाळ मात्र निघाला होता. फादर सांगायचे, ही चळवळ फ्रान्समधल्या कॅथलिक शेतकरी पोरांनी चाळीसेक वर्षांपूर्वी सुरू केली, तीही अशीच खेड्यात बसायची. रीत तीन शब्दांची: पाहा, पारखा, करा. बैठकीत ऐकीव बोलायचं नाही, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगायचं. गावाला हे फार जड गेलं, कारण ऐकीव वगळलं तर बोलायला उरतं किती?

आज पाळी सुग्रीवची होती. हा उत्तरेश्वरचा चुलतभाऊ, भिंतीला भिंत लागून घर. बांधावरच्या बाभळीवरून दोघांत पाच वर्षं बोलणं नव्हतं. छावणीने त्यालाही एकच बैल ठेवला होता. पण हे दोन्ही बैल डाव्या अंगाचे. जन्मभर जुवाच्या डावीकडे चाललेला बैल उजवीकडे जुंपला तर पाऊल उचलत नाही. त्यामुळे भांडण मिटवायच्या फंदातही कुणी पडलं नव्हतं.

सुग्रीव फादरांकडे बघत म्हणाला,

"मी शेजारचा बैल पाहिला. एकटाच हाय, तरी गोठ्यात उजवीकडची जागा सोडून उभा राहतो. जोडीदार येईल म्हणून."

रोज वैरण टाकणाऱ्या उत्तरेश्वरला हे दिसलं नव्हतं.

मग करायचं काय, असं फादरांनी विचारलं. सकाळी बांधावर बैल घेऊन येतो, एवढंच सुग्रीव बोलला. दोन डाव्यांची वरात बघायला आपणही येतो, असं बैठकीतला बंकट म्हणाला आणि सगळे हसले.

उजाडताना उत्तरेश्वर स्वतःला शिव्या घालत बांधावर गेला. सुग्रीव आधीच आला होता. "आधी तुझं वावर," तो जमिनीकडे बघत म्हणाला. जू मांडलं. उत्तरेश्वरचा बैल सवयीने डावीकडे गेला. सुग्रीवने आपला बैल नुसता सैल सोडला, तर तो शहाण्यासारखा उजवीकडे वळला आणि त्याने जुवाखाली मान घातली. पहिल्याच हाकेला दोघं एका पावलाने चालले. बंकट आला तसा परत गेला.

"ह्यो कवा शिकला?" उत्तरेश्वरने विचारलं.

"शिकवला."

"जोडीशिवाय बैल शिकत न्हाई. दुसऱ्या अंगाला कोण हुतं?"

ऊन चढलं तसा सुग्रीवने सदरा काढून बांधावर टाकला. त्याच्या खांद्यावर जुवाचा घट्टा होता, सोलून पुन्हा धरलेल्या कातड्याचा. असा घट्टा एका रात्रीत पडत नाही.

उत्तरेश्वरचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसलेही नाहीत. तिफणीचं तास बांधाशी संपलं तसे त्याने बैल वळवले, ते बांध ओलांडून सुग्रीवच्या वावरात.

"का रं? तुझं अजून लई राहिलंय."

"तुझं वावर त्या बाभळीपासून खाली उथळ हाय. ओल आधी तुझी जाईल."

"तुला काय ठावं?"

"रोज बघतो की," उत्तरेश्वर म्हणाला आणि त्याने बैलांना हाक दिली.