कानबाईची सुट्टी

डाळीच्या पातेल्यावरचं झाकण थडथडलं आणि गायत्री दचकली.

दचकावं असं त्यात काही नव्हतं. झाकण रोजच थडथडत असणार. पण भिंतीपलीकडे कापडाचा कारखाना चालू असला की झाकणाचं काय, पोर रडतंय हेसुद्धा त्याचं उघडलेलं तोंड बघूनच कळायचं. सुरतेच्या गोडादऱ्यात नांदायला आल्यापासून तिनं आपल्याच घरातले असे बारीक आवाज कधी ऐकले नव्हते. प्लेगच्या वर्षी सगळं सुरत जीव घेऊन पळालं होतं, तेव्हा ऐकले तेवढेच. ते आठवलं तशी तिनं झाकण उचलून बाजूला ठेवून दिलं.

आज कारखाना बंद होता तो खानदेशच्या कानबाई देवीमुळे. श्रावणातल्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी उठते, आणि तिच्या प्रसादाच्या रोटाचे गहू घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ घेतात. ज्याच्या नावाची मूठ पडली त्यानं रोट खायला गावी हजर असलंच पाहिजे; रोट घराबाहेर न्यायचा नसतो. यावरून शेठची आणि खानदेशी कारीगरांची दरवर्षी जुंपायची. अर्धी माणसं सोडतो, अर्धी नाही, असं म्हणत शेठ शेवटपर्यंत ताणून धरायचा. यंदा सगळ्यांच्या वतीनं गायत्रीचा दीर भिकन बोलायला गेला आणि हसत हसतच परत आला. शेठनं एकूण एक माणसाला सुट्टी दिली होती. वर गावापर्यंत ट्रक दिला, आणि देवीला नारळ न् साडीही.

"वयनी, देवीनी शेठनी बुद्धी फिरवी दिनी!" भिकन उंबऱ्यातच नाचायला लागला होता.

"साडी नीट पाहिली का? डागाचा माल दिला असेल."

"नही वो! कोरी शे. मना लगीनले बी असीच मागसू."

त्याचं लग्न दिवाळीनंतर ठरलं होतं. मुलीच्या बापानं फार काही विचारलं नव्हतं. पोरगा सुरतला मशीनवर आहे म्हटल्यावर त्यानं सुपारी फोडली. मशीन चालवायला भिकनला शिकवलं ते गायत्रीच्या नवऱ्यानं, लखननं. मिसरूड फुटायच्या आधी भिकन गावाहून आला तेव्हापासून तो याच खोलीत जेवत होता, आणि गायत्रीला वाटायचं की आपलं पहिलं लेकरू सुषमा नाही, हाच.

धाकट्या गजूच्या अंगावर गोवर उमटला नसता तर लखन-भिकनबरोबर तीही गावी गेली असती. आता पुरळ मावळत आलं होतं. तिनं त्याच्या पायांना हळूच खोबरेल चोळलं, तसा तो झोपेतच हसला. अन् तेवढ्यात भिंत हादरली.

पुन्हा हादरली. लोखंडावर लोखंड पडत होतं. मशीनचा आवाज असा नसतो. मशीन एका लयीत बोलतं. हा आवाज थांबत होता, दम घेत होता आणि परत पडत होता.

"आई, कारखाना चालू झाला?" सुषमानं विचारलं. ती पाच वर्षांची होती.

"नाही गं. चल, बघू."

गजूला कडेवर घेऊन, सुषमाचं बोट धरून ती मागच्या दारानं गेली. या दारानं ती रोज भरलेल्या कांड्यांची टोपली पोचवायची. मागाच्या धोट्यात बसवायच्या त्या दोऱ्याच्या कांड्या घरोघरच्या बाया भरत; गायत्रीची दुपार त्यातच जायची.

आत अनोळखी माणसं घण घेऊन उभी होती. दारापासून पहिली रांग होती तिथं आता नुसते तुकडे होते, काळे, तेलकट. बाहेर भंगारवाल्याचा टेम्पो पाठ करून लावलेला होता. धोट्यांचा ढीग कोपऱ्यात सरपणासारखा रचला होता. घणवाला दुसऱ्या रांगेतल्या मशीनपाशी आला, त्यानं वर चिकटवलेला देवीचा फोटो नखानं काढला, कपाळाला लावला, खिशात ठेवला आणि घण उचलला.

"ते काकाचं आहे!" सुषमा ओरडली.

गायत्रीनं तिचं तोंड आपल्या पोटाशी दाबलं. आवाज झाला तेव्हा पोरगी साडीत तोंड खुपसून थरथरत होती.

"अरे गायत्रीबेन! तुम्ही गेला नाहीत?" मेहताजी लगबगीनं आले. शेठचा सगळा कारभार तेच बघत. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर चोर सापडल्यासारखं काही आलं आणि गेलं. "छोकराने सारुं छे ने?" त्यांनी गजूच्या अंगावरचं पुरळ बघत विचारलं.

"हे काय चाललंय, मेहताजी?"

"काय चालणार, बेन? दिल्लीनं परदेशी मालाला दरवाजा उघडला. कोरियाचं कापड असं येतं, लिसं, गुळगुळीत, आपल्यापेक्षा सस्तं. या डबड्यांवर कोण टिकणार? शेठ नाही बदलला तर शेठ पण जाईल, मी पण जाईन." त्यांनी मागे हात केला. "ती बघा."

मागच्या अंगणात लाकडी खोकी होती, अंगावर न वाचता येणारी अक्षरं. एक खोकं उघडलेलं होतं. आतलं मशीन फिकट हिरवं, स्वच्छ, दवाखान्यातल्या कपाटासारखं.

"पाण्याच्या धारेवर दोरा फेकतं. धोटा नाही, कांडी नाही. आवाज पण कमी."

"कांडी नाही?"

"काहीच नाही." हे आपण कोणाला सांगतोय ते त्यांच्या जरा उशिराच ध्यानात आलं. त्यांनी खोकल्यासारखं केलं.

"आई, फूल!" सुषमा मशीनजवळ गेली होती. हिरव्या पत्र्यावर उभ्या माणसाच्या हाताशी येईल असं एक गुलाबी कागदी फूल चिकटवलेलं होतं, कडा उडालेलं. त्याच्या खाली तळहाताएवढा रंग घासून गेला होता. म्हणजे मशीन नवं नव्हतं. कुठल्याशा लांबच्या गावात एक बाई वर्षानुवर्षं इथं हात टेकून उभी राहिली असेल. तिलाही कोणी सुट्टी दिली असेल का, साडी देऊन?  गायत्रीनं पोरीला मागे ओढलं.

"माणसं मंगळवारी येतील," मेहताजी आवाज उतरवून म्हणाले. "तोपर्यंत सगळं साफ. भांडायला काही उरणारच नाही, मग कोणाचं डोकं फुटणार नाही. समजलं? आज अर्धी मशिनं उभी आहेत. आज जर कोणी गावी फोन केला तर सगळे रात्रीच्या गाडीनं येतील, दारात आडवे पडतील. पोलीस येतील. कोणाचं भलं त्यात?"

गायत्रीनं गजूला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"नवीन मशिनांना माणसं लागणार, पण थोडी. लखनचं नाव मी शेठच्या कानावर घातलंय. शांत माणूस. शांत घर." त्यांनी गजूच्या गालाला बोट लावलं. "घर शांत आहे ना, बेन?"

"आणि भिकन?"

"भिकन बोलतो फार," मेहताजी म्हणाले.

घरी येऊन तिनं पोरांना वाढलं. घण पडत होता. प्रत्येक ठोक्याला सुषमाचा घास थांबायचा. एक मशीन गेलं, अजून एक गेलं, आणि गायत्रीला कळेना की आपण जेवतोय की वाट बघतोय, सगळं संपायची. तिनं ताट सारलं. आपण ठरवायचंच नाही. लखनला सांगायचं, तो काय ते ठरवेल. आपला नवरा आहे, भिकनचा भाऊ आहे. एवढं मनाशी झाल्यावर तिला बरं वाटलं, आणि ती पोरांना घेऊन नाक्यावरच्या एसटीडी बूथवर गेली.

गावात फोन किराणा दुकानात होता. लखनला बोलवा म्हणून सांगून ती बाकड्यावर थांबली. पुन्हा लावला तेव्हा पलीकडे ढोल, बायांची गाणी, पोरांचा गलका, आणि त्यातून धापा टाकणारा आवाज.

"हालो! वयनी? गजू कसा शे?"

भिकन होता.

"ते कुठं आहेत?"

"दादा देवीजोडे बसेल शे, उठता येवाव नही. मी पळत उनू. गजूले बरं शे ना?"

"बरा आहे. गोवर मावळला."

"देवीनी किरपा! ऐक ना, पोरीना बाप उना व्हता आज, रोट दखाले. माले म्हने, जावईबापू, सुरत दखाडा एकदा. मी म्हनं, या ना, मनं मशीन दखाडतो तुमले." तो हसला. ढोल जवळ आला, लांब गेला. "मशीनले तेल दीसन उनू मी. उंदरं तं नही ना शिरनात? मनं मशीन ठीक शे ना, वयनी?"

आत्ता सांगितलं तर रात्रीची गाडी होती. काही मशिनं अजून उभी होती. आणि मेहताजींचं बोट गजूच्या गालावरून अजून गेलं नव्हतं.  काचेच्या दाराबाहेरून एसटीडीवाला तिच्याकडे बघत होता, का नव्हता, कोण जाणे.

"शे," ती म्हणाली. "ठीक शे."

"मंगळवारे येतस आम्ही. रोट लई इसू तुनाकरता, लपाडीसन!"

तिनं फोन ठेवला आणि पैसे दिले.

बाहेर उन्ह पिवळं झालं होतं. भंगाराचा टेम्पो समोरून गेला, इतका भरलेला की मागची चाकं दबली होती, आणि लगेच दुसरा रिकामा टेम्पो कारखान्याकडे वळला. गायत्री भिंतीच्या कडेनं चालत राहिली. गजू खांद्यावर झोपला होता. त्याचा श्वास मानेवर ऊन ऊन लागत होता. सुषमा नेहमी पुढे पळायची, आज ती बोट धरून मुकाट चालली होती. घराच्या वळणावर ती थांबली.

"आई."

"काय गं?"

"काका उना, अन् त्यानी माले इचारं, तं मी काय सांगू?"