एकाच खोलीतले अकरा हजार किलोमीटर

मित्रांनो, अकरा हजार किलोमीटर धावूनही जागचे तसूभर न हललेले कुणी तुम्हाला भेटले आहे का? ते मीच. मी एक जुना ट्रेनर आहे. ट्रेनर म्हटल्यावर शिट्टीवाले सर डोळ्यांपुढे आणू नका. मी लोखंडाचा, दोन पाय फाकवून बसलेला, पोटात जड चकती बाळगणारा. सायकलचे मागचे चाक काढायचे आणि त्या जागी मला जोडायचे. पायडल मारले की चकती फिरते आणि समोरच्या पडद्यावर रस्ता धावू लागतो. रस्त्याला चढ लागला की पडदा मला बिनतारी निरोप धाडतो आणि मी लगेच जड होतो. उतार लागला की हलका. घाम अगदी खरा गळतो, पण पोचत कुणीच कुठे नाही.

कारखान्यात माझ्या पोटात पट्टा बसवणारी एक बाई होती. तिने पट्ट्याला टिचकी मारली, कान लावून आवाज ऐकला आणि शेजारणीला म्हणाली, "हा खरं बोलणार बघ." मित्रांनो, त्या एका वाक्यावर मी किती फुगलो म्हणून सांगू! पुढे त्याच वाक्याने मला टोचून टोचून हैराण केले.

मी आलो तो तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात. बंद केलेली गॅलरी, कपडे धुण्याचे यंत्र, एक टेबलपंखा आणि जाळीची एकच खिडकी, एवढेच माझे जग. घरात तिघे. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. मुलगी चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण चालायला शिकल्यापासून ती सरळ अशी कधी चाललीच नव्हती. आणि आई. हळू बोलणारी, पण नेमाला पक्की.

भिंगरीला सायकलच्या शर्यतीचे वेड. मी येण्याआधी एका वळणावर टेम्पोने तिला उडवले होते आणि तिच्या खांद्याचे हाड मोडले होते. हाड तीन महिन्यांत जुळले. आईचे काळीज काही जुळेना. ती म्हणाली, "सायकल सोड असं मी म्हणत नाही. पण जे काय करायचं ते माझ्या डोळ्यांसमोर." म्हणून मी आलो. त्या दिवशी सायकलचे मागचे चाक निघाले आणि माझ्यासमोरच्या भिंतीवर खिळ्याला टांगले गेले. पुढचे चौदा महिने ते चाक आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो.

सुरुवातीचे दिवस कौतुकाचे होते. भिंगरी रोज पहाटे दीड तास माझ्यावर घाम गाळी. पायांत किती बळ आहे ते मी वॅटमध्ये मोजून सांगे आणि दुसऱ्या गावी बसलेल्या तिच्या सरांना तो आकडा त्याच क्षणी दिसे. ती उतरली की आई कोरडे फडके घेऊन यायची. घामातल्या मिठाने लोखंड खाल्ले जाते, म्हणून माझा सांधा न् सांधा पुसल्याशिवाय ती चहाचा घोट घेत नसे. बाबा थट्टा करायचे, "अगं, माझ्या डब्याला एवढं पुसलं असतंस तर!" ती नुसती हसायची.

आता माझ्यासारख्याचे एक असते. वापरून वापरून पट्टा ढिला होतो, आणि पट्टा ढिला असला की मी बळ आहे त्याहून जास्त सांगतो. म्हणून दर पंधरा दिवसांनी पडद्यावर पाटी येते, 'माप जुळवा.' जोरात पायडल मारायचे, मग पाय सोडून द्यायचे. मी थांबायला किती वेळ घेतो त्यावरून मला माझा ढिलेपणा कळतो आणि मी पुन्हा खरे बोलू लागतो. पाच मिनिटांचे काम.

एकदा असे माप जुळवल्यावर आकडा नऊने उतरला. भिंगरी दिवसभर नीट जेवली नाही. संध्याकाळी म्हणाली, "आई, घरात बसून मी मऊ पडलेय गं. मला रस्त्यावर जाऊ दे." आईच्या हातातले फडके तिथेच थांबले.

त्यानंतर पहाटे मला सुरू करायला आई येऊ लागली. लेक तोंड धूत असताना ती पडदा लावी, आणि 'माप जुळवा' ची पाटी आली की हळूच 'नंतर' वर बोट टेकवी. दाबताना ती माझ्याकडे कधी बघायची नाही. पाटी मग रोज येऊ लागली. सात महिने, न चुकता, तोही तिचा एक नेमच झाला.

पट्टा ढिला पडत गेला आणि माझा आकडा चढत गेला. दोनशे वीस. दोनशे तीस. भिंगरी खूश, सर खूश, रस्त्याचे नावही कुणी काढीना. आणि मी? खोटे माझ्याच तोंडून निघत होते आणि ते गिळायला मला घसा नव्हता. देवाने आवाज दिला तो फक्त घुंईऽऽ एवढाच. चार भिंतींत अडकणे मी सोसले असते. मी त्या आकड्यात अडकलो होतो.

मग एका गुरुवारी पडद्यावरून सरांचा आवाज आला. "दोनशे चाळीस! पोरी, रविवारी संघाची चाचणी आहे. डोंगरचढ, एकोणीस किलोमीटर. तुझं नाव पाठवलंय."

जे दार लागलेले राहावे म्हणून आई धडपडली, तेच दार तिच्या हाताने उघडले होते. भिंगरी मला सोडून आईला बिलगली. आई तिच्या ओल्या पाठीवरून हात फिरवीत राहिली. दोन दिवस ती मला पुसलेलेच पुन्हा पुसत राहिली. दोनशे चाळीस डोक्यात धरून पोर चढाला भिडणार आणि अर्ध्या वाटेत पाय जाणार. मागून गाड्या. पुन्हा एक वळण.

शनिवारी पहाटे पाटी आली. आईने बोट उचलले आणि तसेच मागे घेतले.

"भिंगरे, आज हे माप जुळव."

"आज? उद्या चाचणी आहे, आई. आणि ही पाटी कधी आली? मला तर महिनोन् महिने दिसलीच नाही."

"रोज येते. मी रोज घालवते."

"का?"

"आकडा उतरला की तू रस्ता मागतेस म्हणून."

भिंगरी माझ्यावर चढली, वेग घेतला, पाय सोडले. मी थांबेनाच. थांबायला मला एवढा वेळ लागला की माझीच मला लाज वाटली. मग तिने रोजच्या ताकदीने पायडल मारले. दोनशे बारा.

बाबांनी माझे झाकण उघडून पट्ट्याला बोट लावले. "लिफ्टचा दोर एवढा सैल ठेवला असता तर मला कधीच घरी बसवलं असतं." पण कुणी हसले नाही.

"सात महिने, आई? मी सात महिने खोट्या डोंगरावर चढत होते?"

"डोंगर खोटा नव्हता गं. मी खोटी वागले."

भिंगरीने रडत रडतच सरांना फोन लावला. "सर, माझा आकडा दोनशे बारा आहे. यंत्र चुकत होतं." मग सर म्हणाले, "दोनशे बाराला मी बोलावलं नसतं. पण नाव गेलंय. यायचं असेल तर ये."

फोन ठेवून ती खाली बसली. तेव्हा आई उठली, स्टुलावर चढली आणि भिंतीवरचे चाक तिने स्वतः खाली काढले. त्यावरची कोळिष्टके पदराने पुसली. "घे. बसव," ती म्हणाली. "आणि तुझ्या पायांना झेपेल तेवढंच चढ. आकडा घरी ठेवून जा."

रविवारी दुपारी भिंगरी परतली ती गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून. सहा जणी घ्यायच्या होत्या आणि ती सतरावी आली होती. आईसमोर उभी राहून ती हुंदके देत होती आणि हसतही होती. "आई, समोरून वारा होता गं! पंख्याचा नाही, खरा वारा!"

बाबांनी माझा पट्टा ताणून दिला आहे. आता मी खरे बोलतो, पण ऐकायला भिंगरी आठवड्यातून एखाद्या वेळीच येते. बाकीचे दिवस मी जुन्या चादरीखाली असतो. समोरच्या भिंतीवर रिकामा खिळा आहे आणि चाकाचा गोल डाग. ते सुटले. मी इथेच आहे, आणि इथेच राहणार.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणी माझ्यासारखे कोपऱ्यात बसलेले असेल. त्याला पुसा, कोरडे ठेवा, पण तेवढ्यावर थांबू नका. अधूनमधून त्याला विचारा, बाबा रे, तू खरे सांगतो आहेस ना? आणि ते जे सांगेल ते ऐकायचे बळ ठेवा. आईने मला पुसण्यात कधी कसूर केली नाही. विचारायला तेवढी भ्यायली.

तिचा नेम अजून चालू आहे, फक्त जरा बदलला आहे. पहाटे भिंगरी सायकल घेऊन गेली की आई चहा ओतते आणि कप घेऊन जाळीच्या खिडकीशी उभी राहते. साय धरते, चहा गार होतो, तरी ती घोट घेत नाही. मग खालून चाकाचे टिक-टिक-टिक ऐकू येते, आधी बारीक, मग जवळ. चादरीखाली मीही ते ऐकतो. आणि आई तो गार चहा एका दमात पिऊन टाकते.