पुसून टाकलेला लाल आकडा

मित्रांनो, माझ्या पोटात चार मोठी माणसं मावतात, किंवा दप्तरांसकट तुमच्यासारखी सहा पोरं. मी पाच मजली इमारतीतली जुनी लिफ्ट. कारखान्यात मला घडवलं तेव्हा माझं सगळं डोळ्यांना दिसायचं: लोखंडी दोर, चाकं, खटके आणि घट्ट पकडणारा ब्रेक.

माझी देखभाल मामा करायचे. सगळी इमारत त्यांना मामाच म्हणायची. भिंतीला कान लावून ते माझं दुखणं ओळखत. "मामांचा हात लागला की लिफ्ट लोण्यासारखी चालते," असं कुणी म्हटलं, की माझ्याही अंगावर मूठभर मांस चढे.

मग माझे खटके काढून संगणकाचा बोर्ड बसवला. मी सॉफ्टवेअरवर चालू लागले. आता काही बिनसलं तरी मी कुरकुरत नसे. मशीनच्या खोलीतल्या छोट्या पडद्यावर फक्त एक लाल आकडा उमटे. माझं बोलणं तेवढंच उरलं.

मामांची सख्खी भाची याच कामात होती. ती म्हणाली, "मामा, नव्या बोर्डाचा वर्ग सुरू झालाय. चला ना माझ्याबरोबर."

मामा हसले. "अगं, पाना धरायला मी शिकवलं तुला, आणि आता तू मला शाळेत घालतेस? लिफ्ट वर जाते, खाली येते. त्यात शिकायचं काय?"

एका दुपारी मी मजल्याच्या बोटभर खाली थांबले. पडद्यावर लाल आकडा आला. मामांनी भिंतीला कान लावला, पण काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी बोर्ड बंद करून पुन्हा चालू केला. आकडा पुसला गेला.

"झालं काम!" म्हणत ते निघून गेले.

मी सांगत होते, ब्रेक झिजलाय. आकडा येत राहिला, मामा पुसत राहिले. मी हळूहळू जास्तच घसरू लागले. उतरताना एक आजी धडपडल्या. मुलं आत उड्या मारायची, तेव्हा माझा जीव टांगणीला लागे.

शेवटी एकदा मामा माझ्या छतावर चढून दोर तपासत होते. भाची मदतीला आली होती, ती वर मशीनच्या खोलीत होती. रिकामा डबा हलका, दोराच्या दुसऱ्या टोकाला बांधलेलं लोखंडी वजन जड, आणि ब्रेक धरेना. नको नको म्हणत मी वर सरकले. मामांचा डावा हात माझं छत आणि वरची तुळई यांच्यामध्ये सापडला.

किंकाळी ऐकून भाचीनं मशीनचं चाक हातानं फिरवलं, मला खाली घेतलं. पडद्यावरचा आकडा वाचून तिचा चेहरा पांढराफटक पडला. धावत येऊन तिनं मामांना जिन्यावर बसवलं, हात ओढणीनं बांधला, रुग्णवाहिका बोलावली.

"मामा, ब्रेक बदला म्हणून सांगत होता तो आकडा. दिसला नाही तुम्हाला?"

"दिसला. मला वाटलं, बोर्डच बिघडलाय."

"असा आकडा अजून कुठं कुठं पुसलात?"

मामा उजव्या हाताच्या बोटांवर इमारती मोजू लागले. बोटं संपली, तरी ते थांबेनात.

भाचीनं तिथूनच फोन लावायला सुरुवात केली. "लिफ्ट बंद करा, आत्ताच्या आत्ता!" एका इमारतीतला फोन मात्र नुसताच वाजत राहिला.

मित्रांनो, मोठेपणी तुम्ही कुठलंही काम करा, हात कितीही बसू द्या. पण ते काम बदललं, की त्याची नवी भाषा शिकून घ्या. लाजू नका. त्या इमारतीतली माझी बहीण आत्ता लाल आकड्यात ओरडत असेल. आम्हाला दुसरं काही बोलता येत नाही.