दुकान सिंगापूरला गेलं

"दरवाजा कुठल्या दिशेला आहे?" रामभाऊ गुरुजींनी फोनवर विचारलं.

नानांनी फोनवर हात ठेवून मुलाकडे बघितलं. "दरवाजा विचारतायत."

"सर्व्हरला दरवाजा नसतो," उन्मेष पोह्यांवर जिरावण भुरभुरत म्हणाला. "पण सिंगापूरला आहे. पूर्व सांगून द्या."

"पूर्व," नाना फोनमध्ये म्हणाले. "सिंगापूरला."

पलीकडे गुरुजींच्या घरचा कुकर एकदा शिट्टी देऊन गेला.

"म्हणजे समुद्र ओलांडून."

"तिकडे किराया कमी आहे, गुरुजी."

किरायाचं कारण गुरुजींना पटलं. वहिनींचं वर्ष अजून व्हायचं होतं आणि वर्षाच्या आत नव्या वास्तूत जाऊ नये, हे त्यांनी आधी सांगितलं. मग दुकान हे पोटापाण्याचं असतं, त्याला अडवता येत नाही, हेही सांगितलं. शेवटी तोडगा निघाला. नवीन जागेत आधी नवीन काही न्यायचं नाही. वहिनींच्या हातचं जे जुनं असेल ते आधी न्यायचं, मग बाकीचं.

"आणि दूध उतू घालायचं का?" नानांनी विचारलं.

"कुठे घालणार?" गुरुजी म्हणाले. त्यांनी फोन ठेवला.

दुकान नानांच्या बायकोचं, पद्मजाचं होतं. त्यात लड्डू गोपालचे स्वेटर मिळायचे. इंदूरात दर दुसऱ्या घरी पितळेचा बाळकृष्ण असतो. त्याला सकाळी उठवतात, रात्री निजवतात आणि दिवाळी झाली की त्याला थंडी वाजते. शून्य नंबरपासून सहा नंबरपर्यंत त्याची मापं असतात. पद्मजा सगळ्या मापांचे विणायची, कानटोप्यासकट. "देवाचं एक बरं असतं," ती म्हणायची, "वाढत नाही. माप एकदाच घ्यावं लागतं." घरच्या देव्हाऱ्यातला बाळकृष्ण तिने माहेराहून आणलेला, अंगठ्याएवढा. तो शून्य नंबरातही बसत नसे. त्याला कापसाच्या वस्त्रावर थंडी काढावी लागे.

ती विणायची, उन्मेषने वेबसाइट करून दिली होती आणि नाना पॅकिंग करायचे. नानांची उभी नोकरी वीज खात्यात, बिल दुरुस्तीच्या खिडकीवर गेली होती. 'अगले बिल में एडजस्ट हो जाएगा' हे वाक्य त्यांनी इतक्या लोकांना सांगितलं होतं की झोपेतही त्यांच्या चेहऱ्यावर तोच भाव असायचा. पुडक्याला टेप लावतानाही असायचा.

चैत्रात पद्मजा गेली. मागे अर्धवट विणलेला स्वेटर वगैरे काही नव्हता. हातातलं काम संपवून उठायची तिला सवय होती. कपाटातला माल दिवाळीपर्यंत विकून संपला. दुकानाच्या पानावर सगळ्या स्वेटरांवर 'संपले'ची लाल पट्टी लागली. कोणी फोन करून दीदींना विचारलं की नाना म्हणायचे, "दीदी बाहर गई हैं." हे खोटं आहे असं त्यांना वाटत नसे. खिडकीवर बसणाऱ्या माणसाला अशी वाक्यं आपोआप येतात.

मग होस्टिंगवाल्यांनी, म्हणजे ज्यांच्या जागेत हे दुकान उभं होतं त्यांनी, दर तिप्पट केला.

"रिकाम्या दुकानाचा किराया कशाला भरायचा?" उन्मेष म्हणाला होता. "बंद करून टाकू."

"बंद नको. सस्ती जागा बघ."

"पण विकायचं काय?"

"बंद केलं की लोक विचारतील, का बंद केलं." नानांनी टेपचं रिकामं रीळ उचलून दुसरीकडे ठेवलं. "मग सांगावं लागेल."

उन्मेषने जागा बघितली.

रोज सकाळी पूजा झाली की नाना देव्हाऱ्याशेजारी लॅपटॉप उघडायचे. दुकान उघडायला वेळ लागायचा. पानावर सगळे स्वेटर, आणि प्रत्येक स्वेटरचा एकेका देवाला घालून काढलेला फोटो. मधोमध चाक फिरत राहायचं. तेवढ्यात नाना काडी ओढायचे, उदबत्ती लावायचे, देवांना ओवाळायचे, लॅपटॉपला ओवाळायचे. हात खाली येईपर्यंत दुकान उघडलेलं असायचं. सगळ्यांवर 'संपले' बघून ते लॅपटॉप मिटायचे आणि चहा ठेवायचे.

रविवारी सामान हलवायचं ठरलं. नानांनी देव्हाऱ्याच्या खणातून एक पेन ड्राइव्ह काढला. दुकानाची कॉपी काढून ठेवायला उन्मेषने आईला शिकवलं होतं; तिने ती मागच्या थंडीत एकदा काढली आणि गंगेच्या गडूशेजारी ठेवून दिली. दोन्ही वस्तू ऐन वेळेला लागतात, असं तिचं मत होतं.

"ही मागच्या साली काढलेली," उन्मेष म्हणाला. "ताजी कॉपी माझ्याकडे आहे ना."

"आधी तिच्या हातचं. गुरुजी बोललेत."

"आधी ही चढवा, मग तिच्यावर ताजी चढवा. डबल काम आहे, नाना."

"मग डबल कर. संडे आहे."

उन्मेषने वाद घातला नाही. आई गेल्यापासून तो कशावरच वाद घालत नव्हता. ऑफिसात यामुळे त्याला चांगलं रेटिंग मिळालं होतं. त्याने आईची कॉपी चढवली. दुकानाचा पत्ता नव्या जागेकडे वळवला. मग ताजी कॉपी चढवायला गेला तर स्क्रीनवर सूचना आली की या योजनेत दिवसाला एकदाच सामान चढवता येतं.

"सस्ती आहे ना," तो म्हणाला. "उद्या संध्याकाळी ताजी टाकतो. तसंही आज कुणाला काही दिसणार नाही. पत्ता बदलल्याची खबर सगळीकडे पोचायला दिवस जातो. तोपर्यंत कुणाला जुनं दुकान दिसतं, कुणाला नवं."

"एकच दुकान दोन ठिकाणी?"

"दिवसभर."

नानांनी आपल्या फोनवर बघितलं. जुनंच दिसत होतं, लाल पट्ट्यांसकट. त्यांनी हात जोडले. देवाला की दुकानाला, ते उन्मेषला कळलं नाही.

सोमवारी खबर नानांच्या लोकमान्य नगरात पोचण्याआधी इंदूरबाहेर बेटम्याला पोचली. दुपारी नानांचा फोन टिंग वाजला, मग परत वाजला, मग वाजतच राहिला. त्यांनी चष्मा लावला आणि उन्मेषला ऑफिसात फोन केला.

"ऑर्डरी येतायत."

"कशाच्या?"

"स्वेटरच्या."

"स्वेटर कुठेयत आपल्याकडे?"

"ते मला माहीत आहे. त्यांना माहीत नाही."

उन्मेषने ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दुकान उघडलं. इथे नवं दिसत होतं. मागच्या थंडीतलं दुकान, जसंच्या तसं. सगळी मापं, सगळे रंग, कुठेही लाल पट्टी नाही. मागे कोणीतरी प्रिंटरला शिव्या घालत होतं.

"काय दिसतंय?" नानांनी विचारलं.

"सगळा माल आहे."

"वर काय लिहिलंय?"

"नाना, राहू द्या."

"वाच."

उन्मेषने सपाट आवाजात वाचलं. "'सर्दी का नया माल आ गया है। बाकी मैं बुन रही हूँ। पद्मजा दीदी।'"

नानांनी परत आपल्या फोनवर बघितलं. लोकमान्य नगरात सगळं संपलेलं होतं. बेटम्यात ती विणत होती.

"मी सगळ्यांना एक मेल टाकून देतो," उन्मेष म्हणाला. "ऑर्डर कॅन्सल, आउट ऑफ स्टॉक. दोन मिनिटांचं काम. पैसे तर कुणी भरलेच नाहीयेत, डिलिव्हरीवर द्यायचे होते."

"मेल कुणाच्या नावाने जाईल?"

"दुकानाच्या... म्हणजे आईच्याच नावाने जातो तो."

"नको," नाना म्हणाले. "ती नाही म्हणायची नाही कुणाला. मी फोन करतो."

पहिली ऑर्डर बेटम्याच्या यमुनाबाईंची होती. तीन नंबर, पिवळा, टोप्यासकट. नानांनी आधी पाणी प्यायलं, मग फोन लावला.

"हाँ जी, बोलिए," पलीकडून आवाज आला. मागे शाळा सुटल्याचा गोंगाट होता.

"मैं वो, स्वेटर वाली दुकान से बोल रहा हूँ. आपका ऑर्डर था."

"अरे हाँ भैया. मैं तो खुश हो गई. कब से लाल-लाल दिखा रहा था, आज देखा तो सब आ गया. दीदी लौट आईं?"

"वो कंप्यूटर की गलती थी. माल नहीं है."

"नहीं है तो बुन लेंगी, मुझे जल्दी नहीं है. आप दीदी को फ़ोन दो ना. उनसे ही बात कर लूँ."

नानांनी खिडकीवरची सगळी वाक्यं एकदा मनात फिरवून बघितली. एकही बसत नव्हतं.

"वो चैत में गुज़र गईं," ते म्हणाले.

मराठीत त्यांनी हे पुष्कळदा सांगितलं होतं. 'गेली' म्हटलं की लोकांना कळायचं. बाकीचं बोलावं लागायचं नाही. हिंदीत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच म्हटलं आणि ते दुसऱ्याच कुणाच्या घरची बातमी असल्यासारखं ऐकू आलं. त्यांनाही थोडं वाईट वाटलं, शेजारच्यांबद्दल वाटतं तसं.

पलीकडचा गोंगाट कमी झाला. यमुनाबाई बहुधा आतल्या खोलीत गेल्या असाव्यात.

"आप तो बोले थे बाहर गई हैं."

"हाँ. बोला था."

"दिवाली पे भी यही बोले थे आप."

"हाँ."

त्या रागावतील असं नानांना वाटलं. रागावलेल्या माणसांशी कसं बोलायचं ते त्यांना येत होतं. त्या रागावल्या नाहीत.

"पिछले साल वाला है मेरे पास," त्या म्हणाल्या. "हरा. वही पहना दूँगी. दीदी बोलती थीं ना, गोपालजी बढ़ते नहीं."

"ऊन अच्छी है उसकी," नाना म्हणाले. "चल जाएगी."

"चल जाएगी. आपने खाना खाया?"

"खाया," नाना म्हणाले. अजून खाल्लं नव्हतं.

बाकीचे फोन सोपे गेले. तिसऱ्या फोनपर्यंत वाक्य तोंडात बसलं, पाचव्यापर्यंत त्याला खिडकीचा सूर आला. राजवाड्याच्या एका दुकानदाराने ओम शांती म्हणून झाल्यावर विचारलं की मग उरलेली लोकर काय भावाने द्याल. सिमरोलच्या एका बाईंनी दीदी कशाने गेल्या, कुठल्या दवाखान्यात होत्या, डॉक्टर कोण, सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "फिर भी भैया, अलमारी में एक बार चेक कर लेना. क्या पता एक-आध पीस निकल आए."

"करता हूँ," नाना म्हणाले. आणि फोन ठेवून त्यांनी खरंच कपाट उघडून बघितलं. डांबराच्या गोळ्या होत्या.

उन्मेष संध्याकाळी लवकर आला. पायातले बूट न काढता त्याने लॅपटॉप उघडला आणि ताजी कॉपी चढवली. संपलेला माल पानावर दाखवायचाच नाही, अशी या नव्या जागेची पद्धत होती, त्यामुळे सगळे स्वेटर आणि सगळे देव एकदम दिसेनासे झाले. वरची ओळ तेवढी राहिली. ताज्या कॉपीतही ती तशीच होती. इतके महिने पान उघडून दोघांनीही ती वाचली नव्हती.

"ही काढावी लागेल," उन्मेष म्हणाला. "नाहीतर लोक परत फोन करतील."

"काढ."

उन्मेषने ती ओळ शेवटून एकेक अक्षर खोडत आणली. ओळ एकदम निवडून एका बटणात खोडता येते, हे तो ऑफिसात नव्या पोरांना शिकवत असतो. 'बाकी'पाशी तो थांबला, नाक पुसलं, आणि उरलेली अक्षरं खोडली.

"काय लिहू?"

नानांनी विचार केला. "लिही, 'बुनाई बंद है। दुकान खुली है।'"

"याचा मतलब काय?"

"मतलब कशाला पाहिजे? आम्ही ऑफिसात पाटी लावायचो. 'बाबू छुट्टी पर हैं। खिड़की खुली है।' लोक वाचायचे नि उभे राहायचे."

"कशासाठी?"

"ते मी कधी विचारलं नाही."

उन्मेषने तसंच लिहिलं आणि तीन वर्षांचा किराया भरून टाकला. मग दोघांनी सकाळची पोळी दुधात कुस्करून खाल्ली. दूध गरम करताना नानांचं लक्ष नव्हतं. थोडं उतू गेलं. उन्मेषने ओटा पुसला.

दुसऱ्या दिवशी खबर लोकमान्य नगरात पोचलेली होती. नानांनी पूजा केली, बाळकृष्णाला कापसाचं वस्त्र घातलं, लॅपटॉप उघडून दुकानाचं नाव दाबलं आणि काड्यापेटी उचलली. काडी काढेपर्यंत दुकान उघडलं होतं. पांढरं पान, वर एक ओळ. चाक फिरलंच नाही.

"फास्ट झालं ना?" उन्मेष आतून म्हणाला. "आत काही नाहीच ना आता."

"हो," नाना म्हणाले.

त्यांनी काडी ओढली, उदबत्ती लावली, देवांना ओवाळलं, लॅपटॉपला ओवाळलं. हात खाली आला. चाक फिरायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ ते तसेच उभे राहिले.