खालची ओळ

बाबांना हॉस्पिटलात नेणारी गाडी दुपारी येणार होती. दुकानाची नवी पाटी मात्र संध्याकाळी होणार, असं मशीनचा पडदा सांगत होता. पडद्याचं काय जातंय, त्याचे बाबा थोडेच ऑपरेशनला निघाले होते!

बाबांनी जन्मभर पाट्या हातानं कोरल्या. मुलीनं दुकानात लाकूड कोरणारं राउटर मशीन आणलं तेव्हा ते महिनाभर तोंड फिरवून बसले होते. आणि आता, छाती उघडायची वेळ आल्यावर, आपणहून म्हणाले, "नवी पाटी लागलेली बघून जातो." वर दुकानाचं नाव, खालच्या ओळीत 'आणि कन्या'. ती खालची ओळ तिनं मागितलीही नव्हती. म्हणूनच तिचा जीव टांगणीला लागला होता. पाटी न बघताच गेले तर? त्याच्या पुढचं ती मनातसुद्धा आणत नव्हती.

तिनं वेळ छाटायला घेतला. अक्षरांभोवतीची मोकळी जागा जाड बिटला, म्हणजे मशीनच्या फिरत्या पात्याला, भराभर उकरायला लावली, बारीक बिट फक्त अक्षरांच्या कडांना ठेवलं. वेग वाढवला. एका अक्षराकडून दुसऱ्याकडे जाताना बिट उगाच उंच उचललं जायचं आणि हवा खात फिरायचं. ती उचल तिनं नखभर केली. पडद्यावरची वेळ दुपारच्या अलीकडे आली.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. गाडी लवकर आली होती. ड्रायव्हरला थांबवायला ती दारात गेली आणि इकडे वाढलेल्या वेगानं फळी गुणगुणायला लागली. गुणगुणणारी फळी सरकते आणि अक्षर बिघडवते, हे बाबांना कुणी शिकवायला नको. ते स्टुलावरून उठले आणि फळीच्या खालच्या कडेला आणखी एक क्लॅम्प आवळायला लागले.

ती परतली तेव्हा वरची ओळ संपली होती. बिट नखभर उचललं गेलं आणि खालच्या ओळीकडे निघालं. वाटेत बोटभर उंचीचा लोखंडी क्लॅम्प उभा होता.

"बाबा, हात काढा!" म्हणत तिनं लाल बटणावर तळवा आदळला.

मशीन थांबलं. बिट आणि क्लॅम्पमध्ये जेमतेम कागद सरकेल एवढी फट होती. बाबांचा हात अजून क्लॅम्पवरच होता.

"कुणी सांगितलं होतं मध्ये हात घालायला?" तिचा आवाज फाटला. "बिट तुटून डोळ्यात गेलं असतं!"

"फळी हलत होती."

"मला हाक मारायची!"

"तुला कुठे उसंत होती, बाई?"

हॉर्न पुन्हा वाजला. असं झटक्यात थांबवलं की मशीन आपली जागा विसरतं, त्याला पुन्हा कोपऱ्यापासून सगळं दाखवावं लागतं. "होईल, बाबा. लगेच लावते. ड्रायव्हरला म्हणावं, थोडंसंच..." एकच बटण दोनदा चुकलं.

बाबांनी तिचा हात धरून बाजूला केला आणि क्लॅम्प सोडवले. वरची अक्षरं झकास उठून आली होती. खाली नुसता लाकडाचा पट्टा उरला होता. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी त्यावर सावकाश लिहिलं, 'आणि कन्या'.

"लाव अशीच."

"अर्धवट?"

"वरची ओळ तुझ्या मशीनची, खालची माझी. आल्यावर कोरतो." दारात ते वळले. "तोवर हात लावलास तर बघ!"

पाटी दारावर चढली, तेव्हाच ते गाडीत बसले. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत तिनं रडू आवरलं, मग नाही आवरलं. डोळे पुसून ती आत आली आणि त्यांच्या पटाशीला धार लावायला बसली.