टकची वाट

मागच्या शेडमध्ये वेल्डिंग सुरू झालं की आमचं व्होल्टेज हेलकावे खातं, पंखा कण्हतो आणि आमची तान्ही लेक मैत्री उठते. मला दुपारची तासभर झोप हवी होती. नवरा, सिद्धेश, चाकणला कंपनीत व्होल्टेजच सांभाळतो. त्याने स्टॅबिलायझर आणला. पंखा सुधारला, पण स्टॅबिलायझर दर हेलकाव्याला "टक" करायचा आणि मैत्री खिदळत पुढच्या टकची वाट बघायची.

त्याच्या सुट्टीच्या एका दुपारी वेल्डिंग थांबलं, टक बंद झालं. पोरीने भोकाड पसरलं.

"इंजिनिअरसाहेब, आता?"

"व्होल्टेज एकदम स्थिर आहे गं!"

"हे तुझ्या लेकीला सांग."

तो पाळण्याशी बसून जिभेने टक करू लागला. "एकदम थांबलो तर रडणं पुन्हा उसळेल. हळूहळू कमी करत न्यायचं."

दोन टकांमधलं अंतर वाढत गेलं. मैत्री कधी झोपली ते त्यालाच विचारा. मी तिच्याआधीच झोपले.